उजवा हात पुसायचा नाही

मंगळवार, २७ जानेवारी

आधी आली ती एक्सिल्डाच. बालविभागाची बाई दहाला यायची होती आणि ही नऊलाच दारात. एक्सिल्डा म्हणजे माझी नणंद, ओनायसची थोरली बहीण. समोरच राहते. आमच्या अंगणात कोणाची गाडी वळणार ते त्या गाडीवाल्याच्या आधी हिला कळतं. म्हणाली, "साखर संपली." हातात वाटी नाही. मी म्हटलं, "खिशात भरून नेणार का?" तर म्हणे, "कॉफी तरी विचार आधी." आणि बसली खिडकीजवळच्या खुर्चीत, जिथून दार आणि टेबल दोन्ही दिसतं.

मग बाई आली. लोरेन पेल्की नाव. मला वाटलं होतं कोणी कडक चष्मेवाली असेल, ही निघाली गिरणीवाल्या पेल्क्यांची नात. एक्सिल्डानं बसल्या बसल्या तिची आजी, आजीची बहीण आणि त्या बहिणीचं मोडलेलं लग्न सगळं बाहेर काढलं. बाई गोड हसली, पण लग्न का मोडलं ते काही सांगितलं नाही.

बाई का आली ते लिहिते. आमचा रेमी दोन वर्षांचा, मार्सेलचा मुलगा. मार्सेल सरकारी रस्त्यावरचा बर्फ हटवायचा नांगर चालवतो, सून बेथनी दवाखान्यात, म्हणून दिवसभर रेमी माझ्याकडे, त्याच्या मेमेकडे. आमच्यात आजीला मेमे म्हणतात. तर हा पोरगा हाताला काही लागू देत नाही. केळं नको, लापशी नको, वाळू नको, रंग नको. खातो तो कोरडा टोस्ट, तोही कडेला धरून. बेथनीच्या डॉक्टरनं ही बाई पाठवली. आणि बेथनीनं तिकडे शहरातल्या पाळणाघरात नाव घालून ठेवलंय. मार्चपासून जागा आहे, फेब्रुवारी संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं. दुसरी पोरं बघून शिकेल म्हणते. बाईचं आणि बाईच्या वरच्या बाईचं काय मत पडतं त्यावर सगळं आहे. म्हणजे रेमी एक तर माझ्या स्वयंपाकघरात, नाही तर चाळीस मैल लांब.

मला विचाराल तर पोरात काही खोट नाही. फार स्वच्छ मूल आहे. मी चार वाढवली, एकालाही असं वळण नव्हतं. बोटाला दुधाचा थेंब लागला की दोन्ही हात पुढे करून उभा राहतो, पुसा म्हणून. माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात ओलं फडकं असतंच. मी लगेच पुसते, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. असं शहाणं पोर आख्ख्या खोऱ्यात दाखवा.

बाईनं विचारलं, "तो हात असे का धरतो, मिसेस सीर?"

"वळण," मी म्हटलं.

तिनं काहीतरी लिहून घेतलं. चांगलंच असणार.

मग तिनं जे सांगितलं ते ऐकता ऐकता माझी कॉफी निवून गेली. टबात तांदूळ ओता, पीठ ओता, बर्फ आणा, माती आणा, जेली करा, आणि मुलाला त्यात हात घालून बसू द्या. त्याचं काहीतरी इंग्रजी नाव आहे, मी चिवडाचिवड म्हणते. "पसारा झाला तर होऊ द्यायचा," बाई म्हणाली.

ओनायस कोपऱ्यात पेपर धरून बसला होता. म्हणाला, "लग्न झाल्यापासून मी दाराशी बूट काढतोय. एकदा विसरलो तर हिनं मला पायरीवर जेवायला बसवलं. आता सरकार म्हणतं चिखल आत आणा."

"तू गप रे."

"मी कुठे बोलतोय. सरकार बोलतंय."

रेमीनं रोज कशाला हात लावला ते बाईनं लिहून ठेवायला सांगितलंय. ते मी फ्रिजवरच्या कागदावर लिहिते. ही डायरी बियाणंवाल्यानं नाताळात फुकट दिलेली, कोरीच होती, हिच्यात बाकीचं लिहीन. माझं लिहिणं काही धड नाही. सहावीत बटाट्याच्या हंगामाला म्हणून जी शाळा सोडली ती परत गेलेच नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

तांदूळ. आधी धुतले, मग ओव्हनमध्ये वाळवले, कारण पोराच्या हातात दुकानातले तसेच कसे द्यायचे. खाली प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर चादर, त्यावर पेपर. मध्ये टब, टबात तांदूळ आणि तीन चमचे. रेमी टबाशी बसला, हात छातीशी धरून. मी म्हटलं, "बघ मेमे कशी करते," आणि ओंजळ भरून सोडली. फार छान आवाज येतो. मी बराच वेळ सोडत होते.

मग त्यानं एक बोट घातलं. एकच, पण घातलं. चार दाणे बाहेर उडाले. मी पटकन ते उचलले, बोट पुसलं, आणि म्हटलं हं, घाल परत. तो काही घालेना. मूड गेला असेल. मुलांचं असंच असतं.

ओनायस मोज्यांवर आत आला आणि तांदळावर पाय पडून त्यानं देवाचं नाव घेतलं, भक्तीनं नव्हे. संध्याकाळी मला सोफ्याखाली दाणे सापडले. ते तिथे कसे गेले देव जाणे, आम्ही तर स्वयंपाकघरात होतो.

फ्रिजवर लिहिलं: तांदूळ, एक बोट.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज माझं डोकं चाललं. म्हटलं तांदूळ आपला नाहीच, पोराला तो कुठून ओळखीचा वाटणार. आपलं काय? बटाटा. ओनायसला बटाट्याच्या कोठारातून एक टब माती आणायला लावली, त्यात बटाटे, ढेकळं आणि शेतातले दगड मिसळले. त्यानं दहा वेळा विचारलं, "घरात? नक्की घरात?"

एक्सिल्डा आली. तिची साखर अजून संपलेलीच आहे. टब बघितला आणि कोट न काढता खाली बसली. आम्ही दोघींनी तरुणपणी बटाटे निवडायच्या पट्ट्यावर कामं केलेली. समोरून पट्टा धावतो, त्यावर बटाटे आणि दगड सारख्याच रंगाचे, आणि आपण न बघता दगड उचलून मागे टाकायचे. हातालाच कळतं, दगड थंड लागतो. मी रेमीला म्हटलं, "हा बघ दगड, हा बटाटा." एक्सिल्डा म्हणाली, "ते ढेकूळ आहे."

"बटाटा आहे."

"लूडी, तुला तेव्हाही कळत नव्हतं. तुझ्या पुढच्या बाईला तुझे दगड काढावे लागायचे."

"माझ्या पुढे तूच असायचीस, आणि तू नुसती बोलत असायचीस."

मग काय. बाह्या वर करून दोघी भिडलो. आमचे हात जे चाललेत म्हणता. ओनायस रेमीला मांडीवर घेऊन बघत बसला होता, जत्रेत बैल बघतात तसा. टब संपला तेव्हा दगड एकीकडे, ढेकळं दुसरीकडे, बटाटे मापानुसार लावलेले, आणि एक्सिल्डाच्या ढिगात एक दगड मला सापडला, म्हणजे ती हरली. हे इथे लिहून ठेवते, कारण ती उद्या नाही म्हणेल.

ओनायस म्हणाला, "पोरानं काय करायचं होतं?"

आम्ही रेमीकडे बघितलं. त्याचे हात स्वच्छ होते. मी तरीही पुसून घेतले.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज लिहायला मन नाही, पण लिहिते. बेथनी लवकर आली. रेमीला जॅमचा टोस्ट देत होते, बोटाला जॅम लागला, त्यानं ओठ काढला, मी फडकं काढलं. बेथनी म्हणाली, "मेमे, राहू द्या ना जरा." मी म्हटलं, "जॅम? वाळला की निघत नाही." आणि पुसलं.

ती बुटांच्या खोलीत त्याला स्नोसूट चढवत होती तेव्हा मार्सेलशी फोनवर बोलत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण भिंत पातळ आहे आणि मी भिंतीशीच उभी होते. म्हणाली, "तिचं प्रेम आहे रे, मला काय दिसत नाही का? पण मी पाळणाघराला हो म्हणून टाकते." मग म्हणाली, "नाही, तू सांग. तुझी आई आहे."

सांगायला अजून कोणी आलं नाही. मी भांडी धुतली, मग धुतलेलीच परत धुतली. हे घर पूर्वी मला कधी मोठं वाटलं नव्हतं. रेमी दुपारी झोपतो ना, तेव्हासुद्धा घर भरलेलं असतं. तो सहा वाजता गेला की घड्याळ ऐकू यायला लागतं. ओनायस काही बोलणारा माणूस नाही. तो आहे, एवढंच.

बेथनी वाईट नाही. पण तिच्या माहेरी कुत्री सोफ्यावर बसतात. पोरात जे काही आहे ते तिकडूनच आलं असणार.

बुधवार, ११ फेब्रुवारी

जेली केली, लाल. आत प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर घालून थिजवली, पोरानं बोटांनी उकरून काढायचा असतो म्हणे. मी फोन घ्यायला गेले, एक्सिल्डाच होती, समोरून विचारत होती की टेबलावर लाल काय दिसतंय. परत आले तर ओनायस चमचा घेऊन बसलेला आणि ताटात नुसता ट्रॅक्टर.

"अरे, तो खेळ होता."

"चांगला होता."

रेमी इतका हसला की त्याला उचकी लागली. जेलीला मात्र त्यानं हात लावला नाही. फ्रिजवर लिहिलं: जेली, ओनायस.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

बर्फ. भाजायच्या मोठ्या ट्रेमध्ये भरून टेबलावर ठेवला. हातमोजे घालून पाच मिनिटं खेळला, हातमोजे काढले की नाही. पाणी टिपता टिपता माझी कंबर गेली. बाईचा फोन आला, तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही फार मेहनत घेताय, मिसेस सीर." मग म्हणाली, "पुसायचं काम थोडं उशिरा केलं तर?" मी म्हटलं, "मी कामात कधी उशीर केला नाही." ती बरं म्हणाली. चोवीस तारखेला येणार, बरोबर वरिष्ठ बाई, मिसेस व्हिटकम. त्या दिवशी बेथनीही सुट्टी घेऊन येणार. म्हणजे त्याच दिवशी काय ते ठरणार.

सेंट अ‍ॅनला मेणबत्ती लावायचं कबूल केलं. मोठीवाली.

बुधवार, १८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. आजपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस उपास. मी कॉफीतली साखर सोडली, एक्सिल्डानं चुगल्या सोडल्या. आता ती नुसते प्रश्न विचारते. सकाळी चर्चला तिघं गेलो, मी, ती आणि रेमी. ओनायसचा गुडघा दुखत होता. बुधवारी आणि रविवारी दुखतो. फादरनी आमच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला, रेमीनं माझ्या कोटात तोंड लपवलं, त्याला नाही लावली.

आता खरी गोष्ट. घरी आलो, मी रेमीला मांडीवर घेऊन बसले, एक्सिल्डा समोर. तो माझ्या कपाळाकडे टक लावून बघत होता. त्यानं हळूच उजवा हात वर केला आणि बोट लावलं. बोट काळं झालं. त्यानं ते बघितलं, आणि वळणाप्रमाणे हात पुढे केला. मी फडकं काढलं.

"लूडी," एक्सिल्डा म्हणाली, "काय करतेस?"

"पुसते."

"ती राख आहे."

"मला दिसतंय."

"फादरच्या हातची राख. फडक्याला लागेल. फडकं कुठे धुशील?"

"सिंकमध्ये."

"आणि पाणी जातं कुठे?"

मी थांबले. पाणी जातं गटारात. आमच्या लहानपणी आशीर्वादाची राख मातीत जायची किंवा आगीत, गटारात घालायची नाही म्हणजे नाही.

ओनायसनं पेपर खाली केला. "मग तुमच्या कपाळावरची कुठे जाते?"

"उशीला," एक्सिल्डा म्हणाली.

"आणि उशी कुठे धुता?"

"तुझ्या गुडघ्याचं काय झालं रे?" एक्सिल्डानं विचारलं, आणि तो परत पेपरात गेला.

मी म्हटलं फडकं चुलीत घालते, पण कालच नवीन काढलेलं होतं. मग मी ते खिशात ठेवलं. रेमी माझ्या मांडीवरच हात पुढे करून उभा. मी म्हटलं, "नाही रे राजा, हे पुसायचं नसतं." तो उभाच. एक्सिल्डानंही मान हलवली. त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, बोटाकडे बघितलं. मला वाटलं आता रडणार. रडला नाही. बोटाचा वास घेऊन बघितला, मग ते गालाला लावून बघितलं, आणि मग परत माझ्या कपाळाला हात. या वेळी आख्खा पंजा.

त्यानंतर जे सुरू झालं ते कसं लिहू. माझं कपाळ संपल्यावर एक्सिल्डाचं. एक्सिल्डाच्या चर्चच्या पांढऱ्या ब्लाउजवर पंजा उठला, ती ओरडायला गेली पण राख पवित्र, ओरडणार कशी. मग हा ओनायसकडे धावला आणि त्याच्या टकलावर उजव्या हातानं थपाथप. ओनायस मान खाली घालून बसून राहिला. म्हणाला, "चला, माझं चर्चला जायचं वाचलं."

कोणी पुसलं नाही, कारण पुसता येत नव्हतं. संध्याकाळी बेथनी आली. पोराचा चेहरा कोळशाच्या खाणीतून काढल्यासारखा. ती दारातच थांबली. "मेमे, हे तुम्ही पुसलं नाही?" मी म्हटलं, "पुसायचं नसतं, आशीर्वादाची आहे." ती बुटांच्या बाकावर बसली आणि हसायला लागली, आणि मग डोळे पुसले. दवाखान्यात फार काम असतं तिला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सेंट अ‍ॅननं ऐकलं. मेणबत्ती अजून लावलीही नाही. रेमीनं काल आणि आज पिठात हात घातला. खरंच. उजवा हात, मनगटापर्यंत.

आता प्रश्न असा की तो हात पुसावा की नाही. बेथनीनं आंघोळ घातली असणारच. गटाराचं तिला माहीत नाही, तिला दोष नाही. पण नखांत कुठे राख उरली असेल आणि मी पुसली, तर दोष मला. एक्सिल्डा म्हणते उपास संपेपर्यंत त्या हाताला फडकं लावू नकोस. ओनायस म्हणाला फादरना फोन करून विचार. एवढ्या तेवढ्यासाठी फादरना कशाला त्रास. मी ठरवलंय, उजवा हात राखेचा, तो पुसायचा नाही, नुसता बर्फात बुडवून घ्यायचा, बर्फ मातीतच जातो. डाव्याला राख लागली नव्हती, तो नेहमीसारखा पुसते.

गंमत बघा, पोरगा सगळं उजव्या हातानंच करतो. पीठ उजव्यानं, कणीक उजव्यानं, आज तर लापशीत उजवा हात घालून खाल्ली. डावा हात पाठीमागे, शिपायासारखा. मी म्हटलं, "हा पक्का उजवा होणार, माझ्या वडिलांवर गेला."

ओनायस म्हणाला, "डाव्यालाही थोडी राख लाव की."

"देवाची थट्टा करू नकोस."

फ्रिजवर जागा उरली नाही, दुसरा कागद लावला.

सोमवार, २३ फेब्रुवारी

उद्या येणार सगळ्या. जमीन दोनदा पुसली. चिवडाचिवडीचा टब नीट तयार केला. माती चाळून घेतली, बटाटे ब्रशनं घासले, दगडसुद्धा धुतले. वरिष्ठ बाई येणार म्हटल्यावर घाणेरडा चिखल कसा दाखवायचा. ओनायस बघून म्हणाला, "यात खेळायचं आहे की याला नमस्कार करायचा आहे?"

ओनायसला म्हटलं, नेलं त्याला तर? तो म्हणाला, "मग मी दारात बूट घालूनच आत येईन, तुला ओरडायला काहीतरी हवं." त्याची समजूत घालायची पद्धत अशी आहे.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आधी एक्सिल्डा आली. मग लोरेन बाई आणि मिसेस व्हिटकम, उंच, चांगला उंटाच्या रंगाचा कोट, बूट स्वतःहून काढले, मला आवडली. मग बेथनी. मी प्लोयचं पीठ भिजवून ठेवलेलं, ही आमची कुट्टूच्या पिठाची धिरडी, एकाच बाजूनं भाजायची. ओट्यावर पाहुण्यांच्या बशा म्हणून पिठाचं पातेलं खाली स्टुलावर ठेवलं.

सुरुवात चांगली झाली. रेमीनं उजव्या हातानं एक बटाटा उचलला. मिसेस व्हिटकमनं विचारलं डावा हात पाठीमागे का. मी राखेचं सगळं सांगितलं, गटारापासून. मिसेस व्हिटकमनं लोरेन बाईकडे बघितलं, लोरेन बाईनं बेथनीकडे, बेथनीनं छताकडे. मला कळलं की आपलं काहीतरी चुकलं. मग मी म्हटलं, "थांबा, धिरडी घालते," आणि चुलीकडे वळले.

तेवढ्यात ओनायसच्या हातून पाण्याचा जग टबात सांडला. आख्खा. वय झालं त्याचं. चाळलेल्या मातीचा नुसता रबरबाट. मी खिशात हात घातला तर फडकं नाही. "फडकं कोणी बघितलं?" कोणी नाही. "ओनायस, ऊठ, तुझ्या खाली बघू." तर म्हणे गुडघा. मंगळवारी कधी दुखत नाही तो.

एक्सिल्डा म्हणाली, "लूडी, तवा जळतोय."

"तू बघ तवा."

"मी पाहुणी आहे."

"तू कधीपासून पाहुणी? रोज साखर मागायला येतेस ती पाहुणी?"

"माझी साखर काढू नकोस चारचौघांत. तुझ्या धिरड्याला भोकं पडत नाहीत ते मी कधी काढलं?"

"आत्ताच काढलंस."

आम्ही धिरड्यावर होतो तेवढ्यात लोरेन बाई अगदी हळू आवाजात म्हणाली, "कोणी हलू नका."

मी वळून बघितलं. टबाच्या तळाशी एक मोठा बटाटा होता, मीच घासून ठेवलेला, शोभेला. रेमीला तो हवा होता. उजव्या हातानं तो चिखलातून निसटत होता, तीनदा निसटला. त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात नुसता कालथा. मग त्यानं पाठीमागचा डावा हात काढला, त्याच्याकडे जरा बघितलं, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले. बटाटा निघाला. तो घेऊन हा थेट चुलीकडे आला, मेमेला द्यायला, आणि वाटेत स्टूल. बटाटा प्लोयच्या पिठात. मग तो काढायला दोन्ही हात पिठात. मग मिसेस व्हिटकम खाली वाकली, काय म्हणायला कोण जाणे, आणि त्यानं तिच्या कोटाला दोन्ही पंजे लावून वर बघितलं आणि म्हणाला, "बटाटा."

मी म्हटलं, संपलं. गेलं पोर. पाहुण्यांचं जेवण चिखलात, बाईचा कोट गेला, जमीन तर विचारूच नका. मी खुर्चीत बसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रेमीनं ते बघितलं. आला आणि दोन्ही हातांनी माझं तोंड पुसलं. म्हणजे त्याला वाटलं पुसतोय.

बेथनी उठली आणि कोट न घालता बाहेर गाडीत जाऊन बसली. फोन काढला. आम्ही खिडकीतून बघत होतो.

"पाळणाघराला करतेय," मी म्हटलं.

"हसतेय," एक्सिल्डा म्हणाली. उपास असल्यामुळे ती नुसतं दिसेल तेवढंच सांगत होती.

"हो म्हणताना हसतात का नाही म्हणताना?"

"ओठ दिसत नाहीत गं, काचेवर वाफ आलीय."

बेथनी आत आली, नाक लाल. म्हणाली, "मेमे, ती जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगितलं. तो इथेच राहील." माझ्या तोंडावर अजून चिखल होता. मग म्हणाली, "पण एक अट आहे. डावा हातही राखेचाच धरायचा."

हिला आमच्यातलं काय कळतं. डाव्याला राख लागलीच नव्हती, मी डोळ्यांनी बघितलेलं. उपास संपल्यावर काय करायचं तेही विचारायचं राहिलं. पण ती वेळ वाद घालायची नव्हती. मी बरं म्हटलं. ओनायस लगेच उठला, गुडघा एकदम बरा, आणि फडकं त्याच्या खुर्चीवर चपटं होऊन पडलेलं. खिशातून पडलं असणार माझ्या.

मिसेस व्हिटकमचा कोट मी धुऊन देते म्हटलं, तर नको म्हणाली, असाच घालून गेली, पुढे दोन पंजे घेऊन. धिरडी काही कोणाला मिळाली नाहीत. म्हणून परत येतो म्हणाल्या, दोघीही, मंगळवारी, १० मार्चला, सकाळी दहा वाजता. रेमी असेल घरी.